ओला टन, सुका टन

यंदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात चुलत बहिणीकडे दोन दिवस राहून आले. काजूचा हंगाम उतरणीला लागला होता, तरी भट्टी चालू होती. त्या दिवसांत त्या घराच्या अंगणात पाऊल ठेवलं की माणसांच्या आधी वास भेटतो. बोंडांच्या आंबलेल्या रसाचा, ओल्या लाकडाच्या धुराचा, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठेतरी गुळासारखा गोड. कपड्यांत एकदा बसला की दोन धुण्यांनी जात नाही. भाची सोप्यावर पाय वर घेऊन, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. एम.एस्सी. होऊन तिला वर्ष झालं. वर्षभर इथेच शिकवण्या घेतल्या आणि आता जूनच्या पहिल्या आठवड्यात ती मुंबईला निघणार होती. गोरेगावात मैत्रिणीने खोलीत जागा धरून ठेवलेली. नोकरी अजून नाही, ती तिथे जाऊन शोधायची. “मावशी, एकदा नजर घाल ना यावर,” म्हणत तिने पडदा माझ्याकडे वळवला. एका पानाचा सीव्ही, नेटका. पायथन, एसक्यूएल, प्रबंधाचा विषय, दोन ऑनलाइन कोर्स. अगदी तळाला एक ओळ होती: घरच्या काजूभट्टीच्या तीन हंगामांच्या नोंदी, रोजचा रस, हुर्राक म्हणजे पहिल्या धारेची दारू, आणि ग्राव, म्हणजे दारूच्या कडकपणाचं माप. ती ओळ वाचून मी मान वर करते न करते तोच तिने ती निवडली आणि पुसून टाकली. “ही चुकून राहिली. दारूची भट्टी ना, तिथे हसतील.” आणि लगेच विचारलं, अक्षर अजून थोडं बारीक करू का?

मी काहीच बोलले नाही.

रात्री अंथरुणावर पडले तरी ती ओळ डोळ्यांपुढून हलेना. बाहेर भाणाखालची, दारू गाळायच्या भांड्याखालची, आग विझवली होती, पण निखाऱ्यांचा तांबूस उजेड खिडकीच्या गजांवर अजून रेंगाळत होता. बोलले नाही याचं कारण मला ठाऊक होतं. अशीच एक ओळ मी माझ्या हाताने पुसली होती, २०१३ च्या जानेवारीत, कोकणकन्येत बसायच्या आदल्या रात्री. ती माझ्या बाबांच्या जेटीविषयी होती.

बाबा मांडवीकाठी सारमानसच्या बाजूला खनिजाच्या एका जेटीवर कामाला होते. हुद्दा साधा, सर्व्हेयरच्या हाताखालचा मदतनीस. पण बार्जमध्ये माल किती चढला हे कागदावर येण्याआधी त्यांच्या डोळ्यांतून जायचं. बार्जच्या अंगावर पांढऱ्या रंगात आकडे रंगवलेले असतात. भरण्याआधी आणि भरल्यावर पाण्याची रेषा त्या आकड्यांवर कुठे आली ते वाचायचं. पुढे, मध्ये, मागे, आणि दोन्ही अंगांनी, म्हणजे सहा ठिकाणी. वाऱ्याने पाणी हललं की रेषा वरखाली होते. मग सगळ्यात वरची बघायची, सगळ्यात खालची बघायची आणि श्वास रोखून मधली धरायची. त्यानंतर दोरीला बांधलेली बादली नदीत सोडून पाणी वर काढायचं आणि त्यात काचेची एक नळी तरंगत सोडायची. खाली फुगीर, वर बारीक, आत कागदाची पट्टी. नळी कुठवर बुडते त्यावरून पाणी किती खारं हे कळतं. खाऱ्या पाण्यात तेच ओझं घेऊन बार्ज जरा वर तरंगते. पाऊस पडून गेल्यावर मांडवी गोडी असते, एप्रिल-मेपर्यंत खार आत खूप वरपर्यंत चढतो. म्हणजे नोव्हेंबरातली रेषा आणि मेमधली रेषा तोच आकडा दाखवत असली तरी पोटातला माल सारखा नसतो. मी चौथीत असताना बाबांनी ती नळी पहिल्यांदा माझ्या हातात दिली. बादलीवर वाकून मी आकडा वाचला तेव्हा ते म्हणाले, “वरून बघू नको. पाण्याच्या पातळीला डोळा आण.” मी गुडघ्यांवर बसले. जेटीच्या लाल मातीत माझा फ्रॉक माखला होता, आणि आई संध्याकाळी त्यावरून बाबांना बोलली होती.

घरात आमच्या ‘ओला टन’ आणि ‘सुका टन’ असे दोन शब्द होते. खाणीतून माल निघतो तो ओलसर असतो. तोलला जातो तोही ओला. परदेशातलं गिऱ्हाईक पैसे देतं ते सुक्या टनाचे. त्यासाठी ढिगातून नमुना काढायचा, तोलायचा, भट्टीत वाळवायचा, पुन्हा तोलायचा. मधला फरक पाणी. वळवाचा पाऊस लागलेला माल गेला की बाबा जेवताना म्हणायचे, आज अर्धी नदीच पाठवली. हळूहळू ते शब्द माणसांनाही लागू झाले. लग्नात फार मोठमोठं बोलणारा एखादा पाहुणा घरी येऊन गेला की आई भांडी आवरता आवरता नुसतं म्हणायची, “ओला टन.” आणि बाबा हसायचे.

मग २०१२ चा सप्टेंबर आला. बेकायदा खाणकामावरचा शहा आयोगाचा अहवाल, नुकसानीचा ३५ हजार कोटींच्या आसपासचा तो आकडा, १० सप्टेंबरला सरकारने थांबवलेल्या खाणी आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. हे सगळं इथल्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच झाला की बाबा सकाळी सहाला उठून कपडे करून खुर्चीत बसू लागले. रस्त्यावरची धूळ बसली, झाडं दोन पावसांत हिरवी दिसायला लागली, आणि मला ते हिरवेपण आवडत होतं हे मी घरात कोणाला सांगू शकत नव्हते. ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात, माझं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष नुकतंच संपलं होतं. बसमध्ये माणसं खाणवाल्यांना शिव्या द्यायची आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे. एकदा धीर करून बाबांना विचारलं, तुम्ही लिहिलेल्या आकड्यांचं पुढे काय व्हायचं? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पाण्यावर जेवढं दिसलं तेवढंच मी लिहिलं. पुढचं मला माहीत नाही.” त्यांचा आवाज इतका हळू होता की मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. आणि जानेवारीत सीव्ही करताना, कॉलेजच्या सुट्ट्यांत तीन वर्षं जेटीवर नोंदींना मदत केली, ही ओळ मी लिहिली आणि पुसली. खाण हा शब्द मला माझ्या नावाजवळ नको होता.

मुंबईला जाणं गोव्याच्या माणसाला नवं नाही. आगबोटींवर काम धरणारे, वाजंत्री, स्वयंपाकी, कारकून, सगळे गेले. धोबीतलावच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या, त्यांनीच भरल्या, आणि आमच्यातले बरेच गिरगावातल्या चाळींत स्थिरावले. मीही तिथेच उतरले, बाबांच्या आत्याकडे, दहा बाय बाराच्या खोलीत. मोरीजवळ माझी ट्रंक आणि दारामागे माझा बिछाना. आत्या सकाळी चहाबरोबर विचारायची, “आज कुठे?” आणि मी रोज एका नव्या उपनगराचं नाव सांगायचे. चर्नी रोडहून धीमी गाडी धरून अंधेरी, तिथून बसने चकाला. तेव्हा मेट्रो नव्हती, त्या तेवढ्याशा अंतराला कधी तास लागायचा. वांद्र्याहून शेअर रिक्षाने बीकेसी. लोअर परळला उतरलं की बंद गिरणीची चिमणी आणि तिच्या शेजारी काचेची इमारत. त्या काचेत मला माझा घामाने ओला झालेला कुडता दिसायचा. फेब्रुवारीतसुद्धा मी आत जाण्याआधी बाहेरच्या भिंतीला पाठ लावून दहा मिनिटं वाळत उभी राहायचे.

मला काम हवं होतं ते आकड्यांचं. पण त्या कामाला शहरात काय म्हणतात हेच मला पहिले दोन महिने कळलं नाही. नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर ‘गणित’ टाकलं की शिकवणीचे वर्ग यायचे. ‘स्टॅटिस्टिशियन’ टाकलं की औषधांच्या चाचण्या, आणि तिथे सॅस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर येतं का, प्रमाणपत्र आहे का, हा पहिला प्रश्न. ‘क्वांटिटेटिव्ह’ टाकलं की बँका आणि फंड, तिथे आयआयटी आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या मुलांच्या रांगा. ‘अ‍ॅनालिस्ट’ या शब्दाखाली सगळं जग होतं. पतपुरवठ्याची जोखीम मोजणारेही अ‍ॅनालिस्ट आणि कॉल सेंटरच्या हजेरीचा एक्सेल भरणारेही अ‍ॅनालिस्ट. विमा कंपन्यांत जायचं तर अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षा, त्या एकेक करत वर्षानुवर्षं चालतात. फ्रेशर पाहिजे म्हणून जाहिरात आणि खाली दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. कन्सल्टंट मुलींचे फोन यायचे, गोड आवाजात सगळं विचारून घ्यायच्या आणि पुन्हा फोन उचलायच्या नाहीत. मी एक वही केली होती. अर्ज पाठवला की उभी रेघ, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी, बाबा बार्जवर चढणाऱ्या खेपा मोजायचे तशी. मार्चअखेर त्या वहीत २० जुड्या झाल्या होत्या.

म्हणजे १०० अर्ज.

त्या रात्री मी गॅलरीत बसून हिशेब केला होता. एका अर्जाला नोकरी लागण्याची शक्यता १ टक्का धरली, तर १०० अर्जांत एकही न लागण्याची शक्यता ०.९९ चा १०० वा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के. तीनातून दोनदा तरी काहीतरी लागायला हवं. हा हिशेब मला फार दिवस धीर देत राहिला. तो चुकीचा आहे हे कळायला एप्रिल उजाडला. तो हिशेब खरा ठरतो तो प्रत्येक अर्ज दुसऱ्यापासून स्वतंत्र असेल तरच. माझे अर्ज स्वतंत्र कुठे होते? तोच कागद, तीच वाक्यं, तीच न दिसणारी उणीव १०० ठिकाणी गेली होती. मी १०० नाणी उडवत नव्हते, एकच नाणं उडवून त्याचा निकाल १०० जणांना कळवत होते. परीक्षेत मी स्वतंत्र घटनांची व्याख्या बिनचूक लिहिली होती. तिचा अर्थ मला गिरगावच्या गॅलरीत कळला, खाली कोणीतरी रात्री अकराला बादल्या भरत असताना.

मुलाखती झाल्या त्यांतली एक अजून आठवते. बीकेसीतली, खूप थंड खोली. समोर दोन मुलं, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. एकाने विचारलं, नाणं उडवत राहायचं, लागोपाठ दोन छापे येईपर्यंत सरासरी किती वेळा उडवावं लागेल? आणि छापा व लगेच काटा येईपर्यंत किती वेळा? दोन्हींचं उत्तर सारखंच, ४, असं मी बोलून बसले. दुसऱ्याचं ४ बरोबर आहे. छापा एकदा आला की काट्याची वाट बघायची, मध्ये आणखी छापे पडले तरी काही बिघडत नाही, हातातला छापा हातातच राहतो. पहिल्यात मात्र छाप्यानंतर काटा पडला की सगळं पहिल्यापासून, म्हणून उत्तर येतं ६. परतीच्या गाडीत उभ्या उभ्या मी ते सोडवलं आणि इतकं साधं होतं म्हणून डोळे भरून आले. शेजारची बाई कोथिंबीर निवडत होती. तिने माझ्याकडे बघितलं, थोडी सरकली आणि चौथ्या सीटवर मला टेकण्यापुरती जागा करून दिली. माझा त्या मुलांवर राग नव्हता, आजही नाही. कोडी सोडवता येणं हे खरं कौशल्य आहे, आणि ते मला पुढे सरावाने आलं. पण त्या वर्षभरात कोणीही मला एकदाही विचारलं नाही की एखादा आकडा समोर आला तर तो कुठून आला हे तू कसं शोधशील.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मी घरी आले ती हात हलवत. २०१३ ची चवथ ९ सप्टेंबरला होती, खाणी थांबून त्याच सुमाराला वर्ष भरत होतं. गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी बांधताना कोण काय विचारेल म्हणून मी फळांच्या देठांना सुंभ बांधत खाली मान घालून बसले होते. कोणी काही विचारलं नाही, आणि ते जास्त लागलं. विसर्जनानंतर दोन दिवस पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसले, घरात बसवत नव्हतं म्हणून. तिथे दामोदर धर्मानंद कोसंबींविषयी वाचायला घेतलं. नाव लहानपणापासून ऐकलेलं, आपल्या गोव्यात जन्मलेला मोठा माणूस म्हणून, त्यापलीकडे काही नाही. मला ठाऊक नव्हतं की हा गणिती पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा संशोधन संस्थेत ये-जा करायचा, आणि तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी त्याने एकेक करून तराजूत घातली होती. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांची सरासरी काळाबरोबर घटत जाते, आणि त्यांच्यातला आपसातला फरक वाढत जातो, कारण काही जास्त हिंडतात, काही कुणाच्या मडक्यात पडून राहतात. त्या झिजेवरून कोणतं नाणं आधीचं आणि कोणतं नंतरचं हे ठरवता येतं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. वजनातली घट ही चूक म्हणून बाजूला टाकायची नाही, तिच्यातच काळ साठलेला आहे. खिडकीतून रुआ द ओरेंची खाडी दिसत होती, भरतीच्या पाण्याने काठोकाठ. मला बाबांची बादली आठवली.

ऑक्टोबरात फोर्टातल्या एका जुन्या इमारतीतून बोलावणं आलं. जाळीच्या दाराची लिफ्ट, लाकडी जिना, पंख्याखाली फडफडणारे कागद. गोदामातल्या मालावर कर्ज देणाऱ्यांना सल्ला देणारं छोटंसं कार्यालय होतं ते. त्याच वर्षी जुलैच्या शेवटी एका स्पॉट एक्स्चेंजचे, म्हणजे हजर मालाच्या बाजाराचे, व्यवहार थांबले होते आणि सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले होते, कागदावर असलेला माल गोदामात आहे का हा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. त्यामुळे मोजणारी माणसं अचानक हवी झाली होती. हे मला तेव्हा कळलं नाही. गुणवत्तेइतकीच वेळही कामाला आली होती, हे मान्य करायला मला पुढे बरीच वर्षं लागली. आम्ही तिघं होतो. समोरच्या वयस्क गृहस्थांनी प्रत्येकाला एक छापील तक्ता दिला. सोयाबीनची ४० गोदामं, आत आलेलं वजन, बाहेर गेलेलं वजन, तारखा. “अर्धा तास. कुठे चोरी होते ते सांगा.” शेजारच्या दोघांची पेनं लगेच चालू झाली. मी पण सरासरी काढली, तूट काढली. मग नुसती तारखांकडे बघत राहिले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आत आलेल्या जवळपास सगळ्या मालात तूट होती. जानेवारीनंतर आलेल्यात जेमतेम. सगळी गोदामं मिळून ठरवून फक्त दिवाळीतच चोरी करतील?

मी हात वर केला, शाळेत करतात तसा. विचारलं, “हे वजन ओल्या मालाचं की सुक्या?”

त्यांनी चष्मा काढला. मी माझ्या कागदावर लिहिलेलं दाखवलं. नवा सोयाबीन १४ टक्के ओलाव्याने आत आला, तर १०० किलोत ८६ किलो दाणा आणि १४ किलो पाणी. फेब्रुवारीत तो १० टक्क्यांवर आला की तोच ८६ किलो दाणा ९५.६ किलो भरेल. साडेचार किलोच्या आसपास माल कोणीही हात न लावता हवेत जातो. म्हणून ओलाव्याचा रकाना मिळाला तरच सांगता येईल. आणि एक गोदाम असं होतं की जिथे ऑक्टोबरात आलेला माल मार्चमध्ये किलोला किलो तेवढाच बाहेर गेला होता. सगळ्यांनी त्याला प्रामाणिक म्हणून सोडून दिलं होतं. मी त्यावर गोल केला. तिथे घट व्हायलाच हवी होती. ती नाही, म्हणजे एक तर माल भिजवला असेल, नाही तर मोजलाच नसेल, आत आलेला आकडा तसाच बाहेर उतरवला असेल. ते गृहस्थ थोडा वेळ त्या गोलाकडे बघत राहिले. “शेतकऱ्याच्या घरातल्या का तुम्ही?” मी म्हटलं, “नाही. माझे बाबा गोव्यात जेटीवर बार्ज मोजायचे. खनिजाच्या.” नऊ महिन्यांत मी हे पहिल्यांदा मोठ्याने बोलले होते. त्यांनी आतल्या खोलीकडे बघून कोणाला तरी हाक मारली, ओलाव्याचं रजिस्टर आणायला सांगितलं, आणि मला म्हणाले, “बसा.”

पहिल्या महिन्यात त्यांनी लातूरला पाठवलं. गोदामाच्या आत डोळे चुरचुरायचे, पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत, वर कबुतरं. पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार लोखंडी नळी हातात आली तेव्हा मी बाबांना तिथूनच फोन केला. काम काय, पगार किती, राहायची सोय काय, हे आईने विचारलं. बाबांनी एकच विचारलं, “नमुना कुठून घेता? वरच्या पोत्यांतून की मधल्या?” मी म्हटलं, वरच्या, हात पोचतो तेवढ्याच. ते म्हणाले, “मग तो मधल्याबद्दल काही सांगत नाही.” दुसऱ्या दिवशी मी हमालांना थप्पी मधून मोडायला सांगितली. ते कुरकुरले, दुपार गेली, आणि मधला ओलावा वरच्यापेक्षा दोन टक्क्यांनी जास्त निघाला. पुढे मी बँकेत गेले, जोखमीची प्रारूपं केली, पायथन शिकले, कर्ज बुडण्याच्या शक्यता चार दशांश स्थळांपर्यंत काढल्या. चांगलं काम होतं, मनापासून केलं. २०२० मध्ये सगळ्यांबरोबर घरी परतले ती पर्वरीतून तेच काम करत राहिले. पण अजूनही एखादा रकाना समोर आला की मी आधी विचारते, हे कोणी मोजलं, कशावर उभं राहून मोजलं. काही वरिष्ठ वैतागतात. मला त्यावाचून पुढे जाता येत नाही.

तर ती पुसलेली ओळ. रात्रभर मनात बोलणं जुळवत होते. भाचीच्या वेळचं शहर माझ्या वेळेपेक्षा अवघड आहे, हे मला कामावरून दिसतं. एका जागेसाठी दुपारी जाहिरात लावली की संध्याकाळपर्यंत शेकड्यांनी अर्ज. सगळ्यांचे तेच दोन कोर्स, तीच घरांच्या किमतींची माहिती वापरून केलेली तीच प्रारूपं. कॅमेरा चालू ठेवून द्यायच्या परीक्षा, डोळे बाजूला गेले तरी इशारा. तिथे काजूची भट्टी लिहून तिला काही मिळेल, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? मला मिळालं ते ऑक्टोबर होता म्हणून, आणि समोर तो माणूस होता म्हणून. माझ्या एका अनुभवावरून तिला सल्ला देणं म्हणजे वरच्या पोत्यातला नमुना झाला. असं करत पहाट झाली.

सकाळी पोदेराची, पाववाल्याची, घंटा वाजून गेल्यावर मी तिला एवढंच म्हटलं, “ती भट्टीची वही दाखव बघू.” ती जरा लाजली, मग आतून घेऊन आली. शाळेची दोनशे पानी वही, कडा रसाने तपकिरी झालेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली. उघडताना चर्र आवाज करत होती. रोजची एक ओळ. कोळंबीत, तुडवायच्या त्या कुंडात, मळलेल्या बोंडांचा रस किती डबे, आंबायला किती दिवस ठेवला, भाणात कधी चढवला, लावणीत, म्हणजे दारू जमते त्या मडक्यात, किती उतरलं, ग्राव किती. हुर्राक १५, कधी १४, फेणी १९, एकदा २०. तीन हंगाम, एकही दिवस गाळलेला नाही. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात शेरे होते. ‘लाकूड ओलं.’ ‘आजीला ताप, आग मंद.’ ‘ही बोंडं शेजारच्या बागेतली.’ एका जागी ग्राव एकदम खाली आला होता आणि पुढे लिहिलं होतं, ‘काल रात्री पाऊस. बोंडांत पाणी.’

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. विचारलं, “हे तुला कोणी सांगितलं लिहायला?”

“कोणी नाही. नाहीतर पुढच्या वर्षी मला वाटलं असतं, मीच चुकीचं मोजलं.”

मग तिला मी जेटीचं सांगितलं, बादलीचं, सोयाबीनचं, माझ्या पुसलेल्या ओळीचंसुद्धा. ती शांतपणे ऐकत होती, मध्येच वहीची चिकटलेली पानं नखाने सोडवत. सांगून झाल्यावर तिने लॅपटॉप उघडला. कर्सर पानाच्या तळाशी नेला. “पण मावशी, याला म्हणायचं काय? इंग्रजीत लिहायला नाव तर पाहिजे.” आम्ही दोघी विचार करत बसलो. ती एक शब्द सुचवायची, मी एक. तिचे शब्द फार मोठे वाटायचे, माझे जुने. दोन-तीनदा तिने टाइप केलं आणि मागे घेतलं. इतक्यात मागच्या अंगणातून तिच्या आजीची हाक आली, “बाय, उतरलें गो, ये मेजूंक.” तिने लॅपटॉप माझ्या मांडीवर दिला, खुंटीवरच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली काचेची नळी काढली आणि अनवाणी पळाली. मी मागोमाग गेले. लावणीतून उभट भांड्यात काढलेली ताजी, अजून कोमट दारू, वर बारीक फेस. तिने नळी आत सोडली. नळी दोनदा वरखाली झाली, स्वतःभोवती फिरली आणि थांबली. ती भट्टीच्या राखेत गुडघ्यांवर बसली, डोळा पातळीला आणला आणि श्वास रोखून बघत राहिली.